गच्चीला कुलूप

दुपारचे दोन वाजायला आलेत. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरून कंपन्यांच्या बस रांजणगाव एमआयडीसीकडे वळतायत. कारेगावच्या आतल्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांची तीन मजली इमारत आहे. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला बाप तोंडावर टॉवेल घेऊन झोपलाय. त्याच्या उशापासून हातभर अंतरावर तीन महिन्यांची मुलगी किरकिरतेय. आई तिला थोपटते, पदरानं वारा घालते आणि अधूनमधून नवऱ्याकडे बघते.

आशाताई दारात चपला काढतात, मागोमाग मी. बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत त्यांच्या फेऱ्या झाल्याच, ही तिसऱ्या महिन्याची भेट. वजनासाठी त्या डायपर सोडतात. तो चांगलाच जड झालाय.

"कधी घातलाय हा?"

"सकाळी. पाणी यायच्या आधी."

नळाला पाणी येतं सहाला. खालच्या किराणा दुकानात डायपर सुटा मिळतो, दहा रुपयांना एक. तो पुरवून पुरवून वापरला जातो, याचं नवल वाटू नये.

बाळाचं बूड लाल आहेच, पण ताई आधी जांघेच्या घड्या उघडून बघतात. तिथं लालभडक पट्टा, आणि कडेनं मोहरीएवढे सुटे ठिपके. मग त्या बाळाची हनुवटी हलकेच दाबतात. जिभेवर पांढरा थर आहे. ओल्या फडक्यानं पुसला तरी जात नाही.

"मागं काही औषध चालू होतं?"

"जुलाब झाले होते. अँटिबायोटिक दिलं होतं डॉक्टरनी."

नुसत्या ओलीनं उठलेलं पुरळ जिथं डायपर घासतो तिथं येतं, घड्या बहुधा वाचतात. बुरशी मात्र घडीतच घर करते. दोन्हींची सुरुवात एकच. निरोगी कातडी किंचित आम्ल असते. शी आणि लघवी एकत्र साचली की अमोनिया तयार होतो, आम्लपणा जातो आणि शीमधले पाचकरस कातडीवरच काम करू लागतात.

परतूरहून आलेली आजी इतका वेळ गप्प होती. आता ती पिशवीतून कागदाची पुडी काढते. "शंखजिरं हाय. माह्या समद्या लेकराला हेच लावलं. तुमच्या डाबड्यातल्या पावडरीपेक्षा बरं."

शंखजिरं म्हणजे दळलेला मऊ दगड, आणि डब्यातली टाल्कम पावडर म्हणजेही तोच दगड, सुवास घातलेला. घरगुती आणि कंपनीचं हे भांडण इथं तरी खोटं आहे. दोन्हींची धूळ बाळाच्या नाकात जाते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचे पुणे-नाशिकचे नमुने पीएचच्या कसोटीवर नापास ठरवून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ साली मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला होता. जानेवारी २०२३मध्ये उच्च न्यायालयानं तो आदेश फिरवला. टाल्कची बेबी पावडर मात्र कंपनीनं स्वतःच जगभर बंद केली.

"आजी, पावडर कुठलीच नको. खोबरेल असू द्या, मालिशीला." आजीला हे अर्धंच पटतं. ती दारातल्या रंगाच्या डब्यातल्या कोरफडीकडे बोट दाखवते. ताई चटकन नाही म्हणत नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या एका चाचणीत ६६ पैकी जवळपास निम्म्या बाळांना कोरफडीचं मलम लावून पाहिलं होतं, गुण आला होता. पण ते तयार मलम होतं. घरी कापलेल्या पानाच्या सालीखालचा पिवळा चीक हुळहुळ्या कातडीला झोंबतो.

तेवढ्यात ताईंना खिडकीत ट्यूब दिसते.

"हे काय आहे?"

"यांच्या गजकर्णाचं. लावलं की लाली लगेच जाते." आई खालच्या आवाजात सांगते. "दोनदाच लावलंय."

लाली जाते ती स्टेरॉइडमुळे. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड असं तिन्ही त्या एका ट्यूबमध्ये आहे. डायपरच्या प्लास्टिकखाली ते कोंडतं आणि बाळाच्या पातळ कातडीतून आत मुरतं. अशानं चेहरा सुजलेली, वाढ अडलेली बाळं डॉक्टरांनी पाहिली आहेत. चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकायची नाहीत, हा नियम २०१८ साली कडक झाला. गजकर्णाला मात्र ती अजून काउंटरवर नुसती मागून मिळतात. ताई ट्यूब उचलून वरच्या फळीवर, बापाच्या शेव्हिंगच्या सामानात ठेवतात.

"उद्या शिरूरला ग्रामीण रुग्णालयात दाखवा. बुरशीचं साधं मलम देतील, तोंडात लावायचं औषधही. वरून जस्ताची पांढरी पेस्ट जाड लावा, आणि दर वेळी ती खरवडून काढू नका. नुसती शी पुसायची. डायपर रात्रीपुरता. दिवसा सुती बाळुती, आणि थोडा वेळ उघडंच ठेवा."

"बाळुती वाळवू कुठं?" आई पहिल्यांदाच आवाज चढवते. खोलीत एक दोरी, तिच्यावर कंपनीचे दोन युनिफॉर्म. बोळात ऊन येत नाही. गच्चीला कुलूप. टॉवेलखालून बाप कूस बदलतो.

ताई वही मिटतात आणि थेट तळमजल्यावर मालकीणबाईंकडे जातात. मी मागोमाग. मालकीणबाई शेंगा निवडतायत.

"किल्ली द्यायला माझी ना नाही, ताई. पण एकीला दिली की बाकीच्याही मागणार. टाकीचं झाकण उघडं टाकतात, पाण्यात कचरा पडतो."

"मग दहा ते चार तुम्हीच उघडा."

"चारला खाली आणणार का सगळं? बघा, तुम्ही जबाबदारी घ्या."

"घेते," ताई म्हणतात. "टाकीला कडी बसवून घ्या फक्त."