उजनीच्या पाण्याला सोन्याची कसोटी

पळसदेवच्या काठाला लागणारं बरंचसं पाणी पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन शहरं ओलांडून आलेलं असतं. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत मिळते, भीमा दौंडवरून उजनीच्या फुगवट्यात शिरते आणि शहरांनी नदीत जे जे सोडलं, तेही तिच्यासोबत शिरतं. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात धरण ‘उणे’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, खोल गेलं की बुडालेल्या जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं दगडी मंदिर उघडं पडतं आणि ते पाहायला दूरदूरून माणसं येतात. पाण्यात विरघळलेलं मात्र कुठल्याच पातळीला डोळ्यांना दिसत नाही. याच पाण्यावर इंदापूर तालुक्यातला ऊस, द्राक्षं आणि डाळिंबं उभी आहेत, यातलीच चिलापी आणि कटला भिगवणच्या बाजारात जाते आणि खाली सोलापूर शहर हेच पाणी पितं.

त्यात काय आहे हे आज कसं कळतं? बाटली भरायची, शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायची आणि अहवालाची वाट पाहायची. निर्यातीच्या द्राक्षबागायतदाराला ही वाट चांगली ठाऊक आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’चे, अंश सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, तेव्हा मोठा फटका बसला होता. ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचा निकष लावतात. म्हणजे हजार टन द्राक्षांत दहा ग्रॅम. एवढं सूक्ष्म मोजणारी यंत्रं मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहेत आणि त्यांचं काम चोख आहे. पण ती बांधावर आणता येत नाहीत.

बांधावर येऊ शकेल अशा एका पद्धतीचं मूळ आपल्याच देशात आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर व्यंकट रामन यांना जे दिसलं, त्याचा अर्थ असा: पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेल्या प्रकाशात काही किंचित निराळे रंगही सापडतात. रेणू कंप पावत असतो, आणि त्या कंपनाइतकी ऊर्जा प्रकाश त्याला देतो किंवा त्याच्याकडून घेतो. प्रत्येक रेणूची कंपनं वेगळी, म्हणून हे निराळे रंग म्हणजे त्या रेणूचा अंगठ्याचा ठसाच. शिवाय पाण्याचा स्वतःचा रामन ठसा फिका असतो, त्यामुळे पाण्यात मिसळलेलं दुसरं काही वाचता येतं. अडचण एकच, पण जबर आहे. साधारण एक कोटी फोटॉन विखुरले तर त्यातला एखादा असा बदललेला असतो. लिटरभर पाण्यात मायक्रोग्रॅमभर असलेल्या कीटकनाशकाचा आवाज त्यात कुठून ऐकू येणार?

तो आवाज वाढवायचं काम धातू करतात, आणि हे योगायोगाने कळलं. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी मुद्दाम खरखरीत केलेल्या चांदीच्या विद्युतअग्रावर पिरिडिन हे रसायन ठेवून त्याचा रामन ठसा घेतला. तो अपेक्षेपेक्षा फारच ठळक आला. खरखरीत पृष्ठभागावर जास्त रेणू मावले असतील, असं त्यांना वाटलं. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेअर व व्हॅन डाइन आणि इंग्लंडमध्ये अल्ब्रेख्ट व क्रायटन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की ही वाढ लाखो पटींची आहे आणि नुसत्या जादा रेणूंनी तिचा हिशोब लागत नाही.

हिशोब लागतो तो धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. सोन्याचा वा चांदीचा कण काही दशक नॅनोमीटरचा असला, की प्रकाशलहरीचं विद्युतक्षेत्र त्यातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांना एकत्र इकडून तिकडे ढकलतं. झोक्याला त्याच्या लयीत रेटा मिळावा तसा हा रेटा नेमक्या रंगाच्या प्रकाशात बसतो आणि आंदोलन वाढत जातं. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये अभ्यासलेलं सोन्याचं द्रावण माणकासारखं लाल दिसत होतं ते यामुळेच. गर्भधारणा तपासणीच्या बहुतेक पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघही सोन्याच्या अशाच कणांची असते.

खरी करामत मात्र दोन कणांच्या मधल्या फटीत घडते. जेमतेम एक नॅनोमीटरच्या त्या फटीत विद्युतक्षेत्र शंभर पटींनी वाढलं, तर येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता दहा हजार पट होते; रेणूकडून परतणारा प्रकाशही तसाच दहा हजार पट वाढतो. दोहोंचा गुणाकार दहा कोटी. निसर्गाने कोटीत एक एवढं कृपण ठेवलेलं माप ही फट अशी भरून काढते. १९९७ मध्ये दोन संशोधकगटांनी याच्या बळावर एकेका रेणूचा रामन ठसा घेतला.

आपल्या शेतातलंच एक उदाहरण पाहू. पेरणीआधी बियाण्याला चोळायचं थायरम हे बुरशीनाशक इथल्या शेतकऱ्याच्या हातातलं आहे. त्याच्या रेणूत गंधक असतं आणि चांदीचं गंधकाशी फार सख्य. चांदीचे दागिने काळे पडतात तेही हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. चांदीच्या कणांजवळ आलं की थायरम मधोमध तुटतं, कणाला घट्ट चिकटतं आणि वर्णपटात १३८० या आकड्याच्या आसपास ठळक शिखर उभं राहतं. म्हणूनच या विषयावरच्या शोधनिबंधांत थायरम पुन्हा पुन्हा भेटतं. २०१० मध्ये चीनमधल्या श्यामन विद्यापीठाच्या संशोधकांनी सिलिकाचं पातळ कवच चढवलेले सोन्याचे कण संत्र्याच्या सालीवर शिंपडून पॅराथिऑनचा अंश वाचला. साल सोलली नाही, रस काढला नाही.

कण घडवण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या जातकुळीतल्या गवताचा अर्क वापरून सोन्याचे पातळ त्रिकोणी कण बनवले. ‘नेचर मटेरियल्स’मध्ये ते काम छापून आलं. पुढच्या वर्षी बालाप्रसाद अंकमवार आणि सहकाऱ्यांनी चिंचेच्या पाल्यापासून तसेच त्रिकोण घडवून त्यांचा उपयोग रसायनांच्या वाफा ओळखण्यासाठी तपासला. त्रिकोणाला टोकं असतात आणि टोकांशी विद्युतक्षेत्र एकवटतं, म्हणून आकाराला इतकं महत्त्व. पाषाणच्या आयसरमध्ये जी. व्ही. पवन कुमार यांच्या गटाने चांदीच्या नॅनोतारांवर काम केलं आहे: लेझर एके ठिकाणी टाकायचा आणि तारेवरून वाहत गेलेल्या ऊर्जेने दुसऱ्या ठिकाणच्या रेणूचा ठसा घ्यायचा. त्यामुळे नाजूक रेणू थेट लेझरखाली भाजत नाही.

मग हे उपकरण अजून पळसदेवच्या काठावर का नाही? हातात धरता येणारे रामन वर्णपटमापी तर बाजारात मिळतात. उत्तर पाण्यातच आहे. पुष्कळशा निबंधांतले उत्तम आकडे शुद्ध पाण्यात थेंबभर रसायन घालून मिळवलेले असतात. जलाशयाच्या पाण्यात क्षार असतात. ते नॅनोकणांचे गठ्ठे बनवतात. शेवाळातली प्रथिनं आणि कुजलेल्या पाल्यातलं सेंद्रिय द्रव्य कणांवर आधी जागा पटकावतं आणि शोधायचा रेणू बाहेरच राहतो. फटी सगळीकडे सारख्या नसतात, म्हणून एकाच थेंबाची दोन मोजमापं जुळतीलच असं नाही. ग्लायफोसेटसारखं तणनाशक धातूला थायरमइतकं सहज धरत नाही. आज या पद्धतीला ‘आहे की नाही’ विचारणं बरं, ‘नेमकं किती’ हे तिला विचारू नये, असं माझं मत आहे. पण तेवढंही मोलाचं आहे. काठावर दहा नमुने तपासून संशयास्पद असेल तेवढाच मांजरीला पाठवता आला, तरी वेळ आणि पैसा दोन्ही वाचतील. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडण्याची शहरांची जबाबदारी मात्र कुठल्याही उपकरणाने कमी होत नाही.

म्हणून पुण्यातल्या प्रयोगशाळांना आग्रहाचं सांगणं आहे. नवा कण, नवी पट्टी तयार झाली की तिची परीक्षा उजनीच्या पाण्यात घ्या: जूनच्या पहिल्या गढूळ लोंढ्यात, जानेवारीच्या निवळ पाण्यात आणि मे महिन्यात धरण उणे असताना उरलेल्या हिरवट पाण्यात. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिला, शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि मच्छीमार संस्थांना या कामात सुरुवातीपासून घ्या. आणि जे सापडेल ते निबंधात छापण्याबरोबरच पळसदेव ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा.