पानावरून परतणारा उजेड

सागाचे कोवळे पान तळहातावर चोळा, हात लाल होतो. ही खूण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. पण टिपेश्वरच्या जंगलावरून विमानाने जाणाऱ्याला खालचा साग कोणता, मोह कोणता, हे ओळखायचे असेल तर त्याने काय चोळावे?

तो पानावरून परतणारा उजेड मोजतो. उन्हातला निळा आणि तांबडा उजेड पान अन्न तयार करण्यासाठी शोषून घेते. हिरवा थोडा परत टाकते, म्हणून ते हिरवे दिसते. तांबड्याच्या पलीकडेही उजेड असतो. तो आपल्याला दिसत नाही, पण हिरवे पान त्यातला बराचसा परत फेकते. किती फेकायचा, हे पानाची जाडी, आतल्या पोकळ्या आणि पाणी यांवर ठरते. म्हणून डोळ्याला सारखीच हिरवी वाटणारी दोन पाने यंत्राला वेगळी दिसू शकतात.

तुम्ही म्हणाल, याचा शेतकऱ्याला काय उपयोग? अहो, आपल्या देशात या विद्येचा आरंभच नारळाच्या बागेत झाला! १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञ पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून, हा न दिसणारा उजेड टिपणाऱ्या फिल्मवर फोटो घेतले आणि रोगट माड हुडकले. पुढे २०१५-१६ मध्ये इस्रो आणि नासा यांनी देशात अनेक ठिकाणी विमानातून पाहणी केली. त्या यंत्राने उजेडाच्या चारशेहून अधिक पट्ट्या वेगवेगळ्या मोजल्या.

कोस्टा रिका देशातल्या सदाहरित जंगलात सात जातींच्या उंच झाडांवर हा प्रयोग झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दहांतली जवळजवळ नऊ झाडे बरोबर ओळखली गेली होती. जाती मात्र सातच, हे विसरू नका.

आपले जंगल पानगळीचे. इथे महिना चुकला की हिशेब चुकतो. फाल्गुनात पळस पानांवाचून फुललेला, तर कुसुमाची नवी पालवी लालभडक. धूळ, सावली आणि झाडावर चढलेल्या वेलीही घोटाळा करतात.

शिवाय यंत्राला झाडांची नावे उपजत येत नाहीत. कोणीतरी आधी झाडाखाली जाऊन हा ऐन, हा धावडा, असे सांगावे लागते. मगच ते त्या जातीचा उजेड लक्षात ठेवते. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, धावड्याची गुळगुळीत, पांढुरकी. वरून बुंधा दिसत नाही. तो बघून नाव सांगणारे आजोबा तुमच्या घरी असतील, तर या उन्हाळ्यात नातवाला त्यांच्याबरोबर रानात पाठवा.