पेन्रिनचं दप्तर

उत्तर वेल्समधलं बेथेस्डा हे खाणकामगारांचं गाव. तिथल्या हाय स्ट्रीटवरचे जुने पब सगळे रस्त्याच्या एकाच बाजूला आहेत. गावात कुणालाही विचारा, कारण सांगतात: समोरची बाजू खाणीच्या मालकाची, लॉर्ड पेन्रिनची, आणि आपल्या जमिनीवर दारू विकलेली त्याला चालत नव्हती. रस्त्यावर भिंत नाही, कुंपण नाही. हद्द होती ती कागदावर. पण तो कागद एवढा पक्का होता की दमलेल्या माणसानं संध्याकाळी रस्त्याच्या कुठल्या बाजूला बसायचं, हेसुद्धा त्यानं ठरवून टाकलं.

अशा कागदांचं दप्तर पाहायला मी बँगॉरला गेले. संपादकांना हवा होता पेन्रिन कॅसलवरचा लेख. तो भव्य किल्ला, व्हिक्टोरिया राणीच्या भेटीच्या आठवणीत सांगितला जाणारा टनभर वजनाचा स्लेटचा पलंग, आणि शेवटी खाणीतला मोठा संप. ते सगळं लेखात येईल असंच मीही धरून चालले होते. पण बँगॉर विद्यापीठाच्या अभिलेखागारात पहिल्याच दिवशी चर्मपत्राचे काही छोटे दस्त वाचले आणि किल्ला बाजूला पडला. ज्या मिळकतीच्या पैशावर तो किल्ला उभा राहिला, ती मिळकतच मुळात अशा दस्तांतून जमली होती.

मिळकतीचा ठळक इतिहास थोडक्यात सांगता येतो. पंधराव्या शतकात ग्विलिम अप ग्रिफिद या वेल्श उमरावानं ती उभी केली. १६२२ साली ती जॉन विल्यम्सनं विकत घेतली. हा पुढे यॉर्कचा आर्चबिशप झाला. त्याच्यानंतरच्या वारसांत मिळकतीचे हिस्से पडले. १७६५ मध्ये रिचर्ड पेनंटनं ॲन वॉरबर्टनशी लग्न केलं. एक हिस्सा त्याला लग्नातून मिळाला, उरलेला त्यानं पैसे देऊन आपल्याकडे आणला. पेनंट घराण्याचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून आलेला होता. १७८२ मध्ये त्यानं स्लेटची खाण स्वतःच्या ताब्यात घेतली, १७९० मध्ये बंदर बांधलं, १८०१ मध्ये खाणीपासून बंदरापर्यंत घोड्यांनी ओढायची रेल्वे टाकली. त्याला मूलबाळ नव्हतं. मिळकत गेली जॉर्ज हे डॉकिन्स या नातलगाकडे. त्यानं पेनंट हे आडनाव घेतलं आणि थॉमस हॉपर या वास्तुविशारदाकडून आजचा किल्ला बांधवून घेतला. १९५१ मध्ये किल्ला नॅशनल ट्रस्टकडे आला. मिळकतीचे कागद बँगॉरला आहेत, खाणीचे बरेचसे कार्नारवनच्या जिल्हा अभिलेखागारात.

आता त्या दस्तांकडे वळू. वेल्श कायद्यात वडिलोपार्जित जमीन कुळाची मानली जायची. बाप गेला की ती सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई. ती कायमची विकण्याची मुभा हयात माणसाला नव्हती, कारण पुढच्या पिढीचा हक्क त्याच्या हातात नव्हता. पण चौदाव्या शतकात गरज तर दारात उभी होती. वाटण्या होऊन शेतं बारीक झाली होती, राजाच्या करांचा बोजा होता, १३४९ मध्ये प्लेग येऊन गेला होता. या अडचणीतून एक वाट निघाली. तिला ‘प्रिड’ म्हणत. पैसे घ्यायचे, जमीन चार वर्षांसाठी समोरच्याच्या ताब्यात द्यायची. चार वर्षांनी पैसे परत केले तर जमीन परत. नाही केले तर आणखी चार वर्षं, मग पुन्हा चार, असं पैसे फिटेपर्यंत. ताब्यातली जमीन सावकार कसणार आणि उत्पन्नही तोच खाणार. आपल्याकडच्या ताबेगहाणात ज्यांच्या आजोबांची जमीन अडकली होती, त्यांना ही रचना नव्यानं समजावून सांगायला नको.

दस्त दिसायला साधा असतो. लॅटिनमधल्या मोजक्या ओळी, जमीन देणाऱ्याचं बापाच्या नावासकट नाव, जमीन कुठली, रक्कम किती, मुदत चार वर्षांची, साक्षीदार, आणि खाली चर्मपत्राच्या पट्टीला लटकणारी मेणाची मोहर. कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर इथे काहीच विकलं गेलेलं नाही. प्रत्येक दस्त म्हणतो की जमीन अजून त्याच कुळाची आहे. आणि तरीही असे दस्त एकावर एक रचत गेलात की वीस-पंचवीस वर्षांत गावंच्या गावं एका घराच्या ताब्यात आलेली दिसतात. कुठेही जबरदस्ती लिहिलेली नाही. सगळीकडे संमती आहे, साक्षीदार आहेत. मला या यंत्रणेनं धरून ठेवलं ते यासाठी. मोठी जमीनदारी तलवारीनं उभी राहते अशी आपली समजूत असते. इथे ती अडल्या माणसाच्या दर चार वर्षांनी नव्या होणाऱ्या नाइलाजातून उभी राहताना दिसते.

तलवार नव्हतीच असं नाही. १४०० मध्ये ओवेन ग्लिन्डूरनं इंग्रज राजवटीविरुद्ध बंड पुकारलं. ग्विलिमही काही काळ बंडात होता, पण वेळीच शरण आला. त्याला स्वतःच्या जमिनी परत मिळाल्या, आणि अँगलसी बेटावरच्या मेलेल्या बंडखोरांच्या जप्त जमिनीही त्याच्या पदरात पडल्या. ए. डी. कार या इतिहासकारानं पेन्रिनच्या उदयाचा अभ्यास केला आहे. त्यात गहाणं, लग्नं आणि जप्त्या हे तीन धागे एकत्र दिसतात. पुढे १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्सला इंग्रजी कायदा लागू झाला आणि मुलांमधल्या समान वाटणीची पद्धत संपली. तोवर जमिनी एकत्र झालेल्या होत्या. आता त्या थोरल्या मुलाकडे अखंड जाणार होत्या. १८७३ च्या जमीनमोजणीत लॉर्ड पेन्रिनच्या नावावर चाळीस हजार एकरांहून जास्त जमीन होती.

याच दप्तरात जमैकाचे कागद आहेत. पेनंट घराण्यातला पहिला माणूस सतराव्या शतकात, इंग्रजांनी १६५५ मध्ये ते बेट जिंकल्यानंतर, तिथे स्थायिक झाला. क्लॅरेंडन परगण्यातले डेनबी वगैरे मळे रिचर्ड पेनंट ब्रिटनमध्ये बसून पत्रांतून चालवायचा. ही पत्रं शांत, नीटस, हिशेबी आहेत. ऊस, जहाजं, अवजारं, गुरं, माणसं, सगळं एकाच सुरात येतं. गुरांकडून आणि गुलामांकडून जास्तीचं काम घेतलं जाऊ नये, असं तो एका ठिकाणी लिहितो. हे वाक्य दयेचं म्हणून वाचता येतं. पण दोघांना एकाच ओळीत बसवताना त्याचा हात कुठेही अडखळलेला नाही. हाच माणूस लिव्हरपूलचा खासदार होता, आणि गुलामांच्या व्यापारावर बंदी येऊ नये म्हणून पार्लमेंटमध्ये लढणाऱ्या मळेवाल्यांचा पुढारी होता. १८३३ च्या कायद्यानं गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना. ७६४ माणसांच्या मोबदल्यात जॉर्ज हे डॉकिन्स पेनंटला १४,६८३ पौंड १७ शिलिंग २ पेन्स मिळाले. रक्कम पेन्सपर्यंत चोख लिहिलेली आहे. त्या ७६४ जणांना एक पेनीही मिळाली नाही.

तिसरे कागद खाणीचे. पेन्रिनच्या खाणीत साधी रोजंदारी नव्हती, ‘बार्गेन’ होतं. कड्याचा साधारण सहा यार्ड रुंदीचा पट्टा तीन-चार जणांच्या टोळीला महिनाभरासाठी मिळायचा. दोघे कड्याला लोंबकळत दगड सोडवायचे, उरलेले शेडमध्ये तो चिरून त्याच्या स्लेट पाडायचे. महिन्याच्या सुरुवातीला खाणीचा कारभारी यायचा आणि कड्यासमोर उभं राहून दर ठरायचा. दगड वाईट असेल तर मालाच्या प्रत्येक पौंडामागे जास्त रक्कम, चांगला असेल तर कमी. दोर आणि सुरुंगाची दारू यांचे पैसे टोळीच्याच कमाईतून कापले जायचे. हजार स्लेट म्हणजे मोजायच्या १२००, आणि वर मोडतोडीसाठी ६०. आकारांना नावं होती उमरावांच्या बायकांच्या पदव्यांची: डचेस, काउंटेस, लेडी.

या पद्धतीत माणसं भरडली जात, तरी कामगारांना ती प्राणापलीकडे प्यारी होती. तिच्यामुळे खाणकामगार स्वतःला मजूर समजत नसे. आपल्या कसबाची किंमत आपण समोरासमोर बोलून ठरवतो, हा त्याचा मान होता. १८९० च्या दशकात व्यवस्थापनानं मोठमोठे पट्टे ठेकेदारांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा घाव या मानावर बसला. १९०० च्या शरदात ठेकेदारांवर हल्ले झाले आणि २६ जणांवर खटले भरले गेले. नोव्हेंबरमध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा शेकडो माणसांना बार्गेनच मिळालं नाही. २२ नोव्हेंबरला त्यांच्या जोडीनं सगळे, म्हणजे सुमारे २८०० जण, खाणीबाहेर पडले. संप तीन वर्षं चालला. १९०१ मध्ये चारेकशे जण कामावर परतले. त्यांना सोन्याचा एकेक सॉव्हरिन मिळाला, आणि वेल्श वृत्तपत्रांनी त्यांची नावं छापली. बेथेस्डाच्या खिडक्यांत छापील पाट्या लागल्या: या घरात गद्दार नाही. मालकाच्या दप्तरात जी नावं केवळ हिशेबापुरती होती, त्यांनी आता आपला स्वतःचा कागद छापला होता.

कामगारांचे पुढारी डब्ल्यू. जे. पॅरी यांच्यावर लॉर्ड पेन्रिननं बदनामीचा दावा लावला आणि १९०३ मध्ये ५०० पौंडांची भरपाई मिळवली. पॅरींचे काही कागदही आज बँगॉरच्याच अभिलेखागारात आहेत. या विद्यापीठाचं मूळ कॉलेज १८८४ मध्ये पेन्रिन आर्म्स या जुन्या सराईत सुरू झालं. ते उभं राहावं म्हणून खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी दिली होती. दोन्ही पक्षांचे कागद एकाच छताखाली यावेत, यात मला फार मोठी गोष्ट दिसते. ज्यांनी एकमेकांशी बोलणं तोडलं होतं, त्यांना आज वाचक शेजारी शेजारी ठेवून वाचू शकतो.

पण हे छत किती पक्कं आहे, याची काळजी मला लागून राहिली. इंग्लंड आणि वेल्समध्ये मॅनॉरच्या, म्हणजे जुन्या जहागिरीच्या न्यायालयांच्या कागदांना कायद्यानं संरक्षण आहे. खासगी मिळकतींच्या बाकीच्या कागदांना, म्हणजे गहाणखतांना, पत्रांना, मजुरीच्या वह्यांना, तसं संरक्षण नाही. १९२५ च्या मालमत्ता कायद्यानंतर हक्क सिद्ध करायला शतकांपूर्वीचे दस्त दाखवायची गरज उरली नाही. वकिलांच्या कपाटांतले ढीग एका दिवसात निरुपयोगी झाले. कितीतरी जाळले गेले, युद्धकाळात रद्दीत गेले, काही चर्मपत्रांच्या तर दिव्यांच्या शेड झाल्या. त्याच काळात करांखाली दबलेल्या वेल्श मिळकती तुकड्यातुकड्यांनी विकल्या जात होत्या, आणि घर पडलं की दप्तर वाऱ्यावर पडायचं. १८५८ मध्ये विनस्टेच्या वाड्याला आग लागली, तेव्हा वेल्श हस्तलिखितांचा मोठा ठेवा एका रात्रीत गेला. ॲबरिस्टविथला १९०७ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय स्थापन झालं नसतं, तर आज हाती असलेल्यातलंही बरंच गेलं असतं.

उरलेलं वाचणंही सोपं नाही. माणसं वेल्श बोलत होती, कागद लॅटिनमध्ये आणि मग इंग्रजीत लिहिले गेले. त्यांचं बोलणं कारकुनाच्या भाषेत बदलूनच पानावर उतरलं. आडनावं मोजकी. वहीत दहा जॉन जोन्स असतील, तर शेताच्या नावावरून माणूस ओळखावा लागतो, आणि नक्कल करताना शेताचं नाव गळलं की माणूसही हरवतो. जमैकाचे कागद वाचताना तर याहून खोल अडचण येते. तिथलं अक्षर मालकाचं आहे किंवा त्याच्या कारभाऱ्याचं. यादीत माणसाचं नाव येतं, काम येतं, किंमत येते. त्याला काय वाटत होतं, यासाठी एकही रकाना नाही. जमैकातल्या एखाद्या कुटुंबाला आपली पणजी शोधायची असेल, तर वाट जाते अटलांटिकपलीकडच्या एका वेल्श गावातून. सूचीत त्यांना आधी भेटतो मालक, मग मळा, आणि पणजीचं नाव सूचीत असेलच असं नाही.

२०१५ मध्ये बँगॉर विद्यापीठात वेल्श मिळकतींच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. तरुण संशोधक आता या दप्तरांवर काम करतात. हे आशेचं आहे. पण विद्यापीठं आणि ग्रंथालयं पैशाच्या ओढाताणीत आहेत, आणि अशा वेळी आधी कात्री लागते ती सूची करणाऱ्या माणसाला, कारण त्याचं काम बाहेरून दिसत नाही. मध्ययुगीन लॅटिन, जुनी वेल्श नावं आणि मळ्यांच्या हिशेबाची भाषा एकत्र वाचणारा माणूस एका नेमणुकीनं तयार होत नाही, त्याला वर्षं लागतात. तो गेला की खोके जागेवर राहतात, वाट बंद होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. या दप्तराची सूची मिळकतीच्या क्रमानं झाली, कारण ते मिळकतीसाठी जपलं गेलं. आता तिच्या जोडीला माणसांची सूची हवी. जमीन गहाण टाकणाऱ्यांची, डेनबीच्या मळ्यावर राबलेल्यांची, बार्गेन मिळालेल्यांची आणि नाकारलेल्यांची. बँगॉर, कार्नारवन आणि जमैका इथून ती एकाच ठिकाणी शोधता आली पाहिजे. पेन्रिनच्या मालकांनी कुणाकडून काय घेतलं हे पेन्सपर्यंत लिहून ठेवलं, आणि त्यामुळेच ज्यांच्याकडून घेतलं त्यांची नावं काही अंशी तरी वाचली. ती बाहेर काढू शकणारी माणसं आज कामावर आहेत. ती असेपर्यंतच हे काम व्हायला हवं.