होडींतील दिवे आणि बिनतारी आज्ञा

विद्यार्थिमित्रहो, आपलें चाकूर समुद्रापासून शेंकडों मैल दूर. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्याच्या शेजारीं बसून होडींतील दिव्यांविषयीं लिहिणें कित्येकांस विनोदाचें वाटेल. परंतु विद्येला गांवची शींव नसते. शिवाय विजेचा धडा चालला असतां वर्गांत एका मुलानें विचारलें, "सर, घरांतला दिवा मोबाइलवरून लागतो, मग समुद्रांतल्या होडीचे दिवेहि तसेच कां लावूं नयेत?" प्रश्न साधा, पण त्याचें उत्तर 'होय' असेंहि आहे आणि 'नाहीं' असेंहि आहे. कोठें 'होय' व कोठें 'नाहीं', एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

ही कल्पना आजकालची नव्हे. इ. स. १८९५ मध्यें कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली. पुढें इ. स. १८९८ मध्यें न्यूयॉर्क शहरीं निकोला टेस्ला यांनीं पाण्याच्या हौदांत एक लहान होडी सोडली. तिला कोठेंहि तार जोडलेली नसतां, दूर उभें राहून त्यांनीं तिचें सुकाणूं वळविलें, आणि तिच्यावरील दिवे लावले व मालविले. म्हणजे बिनतारी आज्ञा पाळणाऱ्या अगदीं आरंभीच्या यंत्रांत एक दिव्यांची होडीच होती!

आतां ही आज्ञा दिव्यापर्यंत जाते कशी, तें पाहूं. आपण मोबाइलवर किंवा भिंतीवरील बिनतारी बटणावर बोट ठेवतों, तेव्हां एक प्रेषक यंत्र सूक्ष्म लहरी सोडतें. वायफाय, ब्लूटूथ, झिग्बी अशा पद्धतींत त्या बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या असतात. त्यांची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरहि नाहीं. दिव्याजवळ एक ग्राहक यंत्र बसविलेलें असतें. प्रत्येक ग्राहकास स्वतःचा क्रमांक व गुप्त किल्ली असल्यामुळें शेजारच्या होडींतील बटणानें आपला दिवा लागत नाहीं. आज्ञा आपलीच आहे अशी खात्री पटली म्हणजे ग्राहक विजेचा मार्ग मोकळा करितो. प्रकाश मंद करावयाचा असेल, तर तो दिवा दर सेकंदास शेंकडों वेळां लावतो व मालवतो. आपल्या डोळ्यांस मात्र तो स्थिर, पण मंद दिसतो.

मुंबईच्या ससून गोदींतून किंवा हर्णैच्या बंदरांतून मासेमारीस निघणारी नौका डोळ्यांपुढें आणा. तांडेल व खलाशी कित्येक दिवस तीवरच राहतात. घरीं २३० व्होल्टची वीज असते. लहान नौकेवर बहुधा १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरी असते, आणि तिच्यांतील साठा मोजका असतो. समजा, २५ वॅटचे सहा जुने दिवे दहा तास जळले. एकूण १५० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर. दहा तासांत १२५ अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पहांटेपूर्वींच संपली! त्यांच्या जागीं ५ वॅटचे एलईडी दिवे घातले, तर खर्च अवघा २५. मात्र एक छुपा खर्च विसरूं नये. दिवा बंद असला तरी ग्राहक आज्ञेची वाट पाहत जागाच असतो. प्रत्येकीं ०.०५ अँपिअर धरला, तर सहा ग्राहक दिवसभरांत सात अँपिअर-तासांहून अधिक वीज खातात. म्हणून सर्व ग्राहकांना मिळून एक हातानें बंद करावयाचें बटण ठेवणें शहाणपणाचें.

समुद्रावर आणखीहि अडचणी आहेत. लांकूड व फायबर यांतून या लहरी जातात, पण लोखंडी भिंत त्यांना अडविते. खारी हवा तांब्याच्या तारा खाते, म्हणून कल्हई केलेल्या तारा व पाणी न शिरणाऱ्या पेट्या वापराव्या लागतात. बॅटरीच्या धन टोंकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे. आणि किनारा सुटला कीं मोबाइलचें जाळेंहि लवकरच सुटतें. म्हणून जी व्यवस्था आंतरजालावांचून चालत नाहीं, ती समुद्रांत निरुपयोगी. आज्ञा नौकेंतल्या नौकेंतच फिरली पाहिजे.

एवढी काळजी घेतली, तर खोलींतील, स्वयंपाकाच्या जागेंतील व यंत्रघरांतील दिव्यांपुरतें मुलाच्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें आहे. तेथें बिनतारी व्यवस्था फार सोयीची. रात्रीं डोळे अंधारास पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि पांढऱ्या प्रकाशाच्या एका झोतानें तो सराव क्षणांत मोडतो. तेव्हां सुकाणूंजवळचा दिवा मंद तांबडा करावा व बाकीचे मालवावे, हें सर्व एकाच बटणानें साधतें.

परंतु नौकेच्या बाहेरील दिव्यांची गोष्ट निराळी. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम इ. स. १९७२ मध्यें ठरले व १९७७ मध्यें अंमलांत आले. त्यांप्रमाणें सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालत्या यांत्रिक नौकेच्या डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा, मागें पांढरा आणि डोलकाठीवर पुढें पाहणारा पांढरा दिवा पाहिजे. जाळें ओढणारी नौका असेल, तर वर हिरवा व खालीं पांढरा असे चहूंकडून दिसणारे दिवे हवेत. समोरच्या नौकेचे तांबडा व हिरवा दोन्ही दिसले, तर ती सरळ आपल्यावर येत आहे. नुसता तांबडा दिसला, तर ती आपल्या डावीकडे चालली आहे. काळोखांत दिवा हीच नौकेची भाषा.

आतां थोडें गणित करा. बारा ते वीस मीटर लांबीच्या नौकेचे बाजूचे दिवे निदान दोन सागरी मैलांवरून दिसावे, असा नियम आहे. दोन नौका ताशीं आठ सागरी मैलांनीं समोरासमोर येत असतील, तर तें अंतर साडेसात मिनिटांत संपतें! तेवढ्यांत मोबाइल झोपला किंवा ग्राहकांत पाणी शिरलें, तर माणसांचे प्राण कोणाच्या हातीं? म्हणून या दिव्यांची तार वेगळी, फ्यूज वेगळा, बटण हाताचें. बिनतारी खूण फार तर 'दिवा जळतो आहे' एवढें तांडेलास सांगण्यापुरती असावी. येथें उत्तर 'नाहीं' असें आहे.

आणखी दोन सूचना. स्मार्ट दिवे हजारों रंग दाखवितात, म्हणून हौसेनें बाहेर तांबडे-हिरवे दिवे लावूं नयेत. नियमाच्या दिव्यांशीं घोंटाळा करतील असे दिवे दाखविण्यास मनाई आहे. दुसरें असें, कीं कांहीं एलईडी दिवे स्वतःच बिनतारी गोंगाट करितात. त्यामुळें संकटकाळीं मदत मागण्याचा रेडिओ बहिरा होऊं शकतो, असा इशारा इ. स. २०१८ मध्यें अमेरिकेच्या तटरक्षक दलानें दिला होता. दिवे लावून व मालवून रेडिओ नीट ऐकूं येतो कीं नाहीं, हें बंदरांतच पाहून घ्यावें.

मित्रहो, हा प्रयोग तुम्हांस टबांतील खेळण्याच्या होडीवर, लहान बॅटरी घेऊन करतां येईल. घरच्या २३० व्होल्टच्या विजेस मात्र पाण्याजवळ हात लावूं नका. आणि प्रयोग करतांना इतकें ध्यानांत ठेवा: आंतला दिवा आपल्या सोयीचा, तो विझला तर आपली गैरसोय होईल; बाहेरचा दिवा दुसऱ्याच्या जिवासाठीं, तो विझला तर आपल्याबरोबर दुसराहि बुडेल. नवीन युक्तीवर सोय खुशाल सोंपवावी. कर्तव्य मात्र आपल्या हातींच ठेवावें.