पायपुसण्याचा खड्डा

न्हाणीघराच्या दाराशी आत्या थबकली. समोर काळं पायपुसणं होतं, पण ती विहिरीत डोकावावं तशी त्याच्याकडे बघत होती. एका हाताने चौकट घट्ट धरून तिने पाय चांगला फूटभर उचलला, पलीकडे टाकायला. तोल गेलाच. मी मागे होतो म्हणून निभावलं.

"अगं आत्या, पायपुसणं आहे ते."

"डोळे फुटले का रे तुझे? केवढा खड्डा पडलाय!"

तिच्या मेंदूपुरतं ते खरं होतं. डोळा प्रकाश आत घेतो. जवळ काय, खोल काय, हे मेंदू ठरवतो. अल्झायमरमध्ये आठवणींबरोबर ही पारखही ढासळते. मग फिकट फरशीवरचा गडद चौकोन भोकासारखा वाटतो आणि चकचकीत फरशी म्हणजे सांडलेलं पाणी. त्यात वयाची भर. डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली पुरेशी मोठी होत नाही. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आपल्याला लख्ख वाटणारी खोली त्यांना तिन्हीसांजेची असते.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातले बहुतेक राहतात घरीच. आणि आपली घरं पांढऱ्याच्या प्रेमात! पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, त्यावर पांढरं झाकण. आत्याला बसायची जागा कुठे सुरू होते तेच कळत नसे. गडद निळं झाकण बसवलं आणि रोजची निम्मी धांदल संपली.

रंगातल्या या फरकाची ताकद बॉस्टनच्या संशोधकांनी ताटात मोजली होती. २००४च्या त्यांच्या प्रयोगात अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटल्या-पेले दिले, तेव्हा खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. पांढऱ्या ताटलीत दहीभात वाढून 'जेवतच नाहीत' म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

न दिसणारा धोका स्वयंपाकघरात. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण अल्झायमरमध्ये वासाची जाण फार लवकर मंदावते, कधीकधी विसराळूपणा घरच्यांच्या ध्यानात येण्याआधीच. म्हणजे कंपनीने लावलेला पहारेकरी ओरडतोय आणि ऐकणारं कोणी नाही. वापर नसेल तेव्हा रेग्युलेटर बंद, हा नियम घरातल्या धडधाकट माणसाने पाळायचा. गीझरचं तापमान कमी ठेवणंही त्याचंच काम. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं; ४९ अंशांना काही मिनिटं लागतात, तेवढ्यात कोणीतरी धावून येऊ शकतं.

रात्री झोपेतून उठताना रक्त पायांकडे उतरतं, म्हातारपणी रक्तदाब सावरायला वेळ लागतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसायचं, हे सांगून लक्षात राहणार नसेल तर सोबत कोणी हवं. संडासाचा दिवा मात्र रात्रभर चालू ठेवावा. वीजबिलाची कुरकुर मांडीचं हाड मोडेपर्यंतच चालते.

पण सुरक्षेच्या उत्साहात घर पालटू नये. सुट्टीवर आलेली मुलं चार दिवसांत कपाटं हलवतात, पलंगाची दिशा बदलतात आणि निघून जातात. कालचं जेवण विसरणाऱ्या माणसाच्या हातापायांना मात्र चाळीस वर्षांची वाट पाठ असते. सवयीची ही स्मृती मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते आणि बराच काळ टिकते. म्हणून आम्ही आधाराची दांडी बसवण्याआधी आठवडाभर आत्याचा हात कुठे जातो ते पाहिलं. तो टॉवेलच्या दांडीवर जात होता. ती माणसाचं वजन थोडीच पेलणार, भिंतीतून उखडून हातात आली असती! तिथेच, तेवढ्याच उंचीवर, पक्क्या बोल्टांची दांडी लावली.

काळं पायपुसणं गेलं, फरशीच्या रंगाचं, न सरकणारं आलं. न्हाणीघराची आतली कडीही काढली. आत्या अजून रोज दार लोटून तिथे बोटं फिरवते.

"कडी कुठे गेली रे?"

"सुताराकडे दिलीय, आत्या."

"मेला फार दिवस लावतोय."