बंद दाराआडचं सेशन सुपरव्हायझरला कसं दिसतं?

शस्त्रक्रिया शिकणारा निवासी डॉक्टर भलत्या जागी चाकू लावायला गेला, तर शेजारी उभे असलेले सर त्याचा हात धरू शकतात. समुपदेशन शिकणाऱ्या इंटर्नचा हात धरायला खोलीत कुणी नसतं. इंटर्न आणि क्लायंट अशी दोनच माणसं असतात आणि दार बंद असतं. ते बंदच असायला हवं, नाहीतर समोरचा विद्यार्थी तोंड उघडणार नाही. मग आत काय चाललंय हे शिकवणाऱ्याला कळणार कसं? क्लिनिकल सुपरव्हिजनवरचं बरंचसं संशोधन या एका अडचणीभोवती फिरतं, आणि आज तुम्हाला तेच समजावून सांगायचं आहे. मी मूळची संख्याशास्त्राची, पीएच.डी.साठी थेरपीच्या परिणामांच्या डेटाकडे वळले. त्यामुळे माझा कल 'मोजलं कसं?' याकडे जास्त असणार, हे आधीच सांगून ठेवते.

उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली आहेत, कारण विद्यापीठांची समुपदेशन केंद्रं हीच तिथे प्रशिक्षणाची मोठी जागा आहे. तिथली सोय साधारण अशी असते. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या 'कॅक्रेप' या संस्थेच्या नियमांनुसार विद्यार्थ्याने आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम करायचं, त्यातले ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० तास क्लायंटसोबत. या काळात आठवड्याला सरासरी एक तास सुपरव्हायझरसमोर एकट्याने किंवा दोघांनी मिळून बसायचं, शिवाय दीड तासाचं गटाचं सुपरव्हिजन. मानसशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्यांची इंटर्नशिप पूर्ण वर्षाची असते आणि मान्यताप्राप्त ठिकाणी आठवड्याला किमान चार तास सुपरव्हिजन मिळावं लागतं, त्यातलं निदान दोन तास वैयक्तिक. समोरची व्यक्ती अजून शिकते आहे आणि तिच्या कामावर कोण देखरेख ठेवतं, हे क्लायंटला सुरुवातीलाच सांगितलं जातं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर त्याची वेगळी लेखी संमती घेतात.

आता त्या एका तासात होतं काय? 'केस डिस्कस करतात' हे उत्तर फार ढोबळ झालं. जनीन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेली चौकट इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते सुपरव्हायझर कधी शिक्षक असतो, कधी समुपदेशक, तर कधी सल्लागार सहकारी, आणि त्याचं लक्ष तीनपैकी एका गोष्टीवर असतं: इंटर्नने काय केलं, तिला काय समजलं, आणि तिच्या स्वतःच्या मनात काय झालं.

एक उदाहरण घेऊ (माझं बनवलेलं आहे, कुणाची खरी केस नाही). इंटर्न सांगते, "सेशन छान झालं. ती आता बरीच सावरलीय. आम्ही अभ्यासाचं वेळापत्रक बनवलं." सुपरव्हायझर रेकॉर्डिंग लावतात. त्यात ती मुलगी दोनदा म्हणते, "रात्री हॉस्टेलवर नको वाटतं." दोन्ही वेळा इंटर्न "हं" म्हणून परत वेळापत्रकावर येते. इथे सुपरव्हायझर शिक्षक होऊन सांगू शकतात की अशा वेळी 'नको वाटतं म्हणजे काय?' हे सरळ विचारावं, आणि गरज वाटली तर आत्महत्येच्या विचारांबद्दलही स्पष्ट शब्दांत विचारावं. किंवा विचारू शकतात, "ते वाक्य ऐकलं तेव्हा तुला काय झालं?" कदाचित इंटर्न घाबरली असेल. उत्तर ऐकल्यावर आपल्याला काही करावं लागेल, याची भीती. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण रेकॉर्डिंग नसतं तर दोन्ही विचारले गेले नसते. सुपरव्हायझरने "छान, पुढची केस?" म्हटलं असतं.

इंटर्न खोटं बोलली का? नाही. तिने तिला आठवलं ते सांगितलं. खेरीज काही गोष्टी माणूस आठवत असूनही सांगत नाही. निकोलस लडानी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये १०८ प्रशिक्षणार्थींना विचारलं, की सुपरव्हिजनमध्ये तुम्ही काय सांगत नाही? सुमारे ९७ टक्क्यांनी काहीतरी दडवल्याचं मान्य केलं, माणशी सरासरी आठ गोष्टी. सर्वांत जास्त दडवलेली गोष्ट होती सुपरव्हायझरबद्दलची नाराजी. पण ४४ टक्के जणांनी सेशनमधल्या स्वतःच्या चुकाही सांगितल्या नव्हत्या. कारण उघड आहे. जो शिकवतो तोच शेवटी मूल्यमापनाचा फॉर्म भरतो. तुम्ही तुमच्या गाइडला सगळं सांगता का, हे मनाशी आठवून बघा, म्हणजे हा आकडा फार मोठा वाटणार नाही.

म्हणून रेकॉर्डिंग. हे काही मोबाईलच्या जमान्यातलं खूळ नव्हे. कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात सेशन्स ग्रामोफोनसारख्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. एका तबकडीत काही मिनिटंच मावत, त्यामुळे सारख्या बदलाव्या लागत. १९४२ च्या त्यांच्या पुस्तकात एका क्लायंटची सगळी सेशन्स शब्दशः छापली आहेत, अर्थात नाव बदलून. त्याआधी थेरपिस्टने आठवणीतून लिहिलेल्या टिपणांवरच शिक्षण चालायचं. पुढे १९६० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात नॉर्मन केगन यांनी व्हिडिओ वापरून एक पद्धत तयार केली. रेकॉर्डिंग चालू असताना इंटर्ननेच हवं तिथे थांबवायचं आणि त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते सांगायचं. सुपरव्हायझरने शेरे मारायचे नाहीत, फक्त प्रश्न विचारायचे. मला ही पद्धत विशेष आवडते, कारण तिच्यात दडवण्याचं कारणच थोडं कमी होतं.

तुम्ही म्हणाल, नवशिक्यांचं ठीक आहे, पण अनुभव आला की माणसाला आपोआप कळत असेल. इथे दोन अभ्यास नीट वाचण्यासारखे आहेत, आणि दोन्ही विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांतलेच आहेत.

पहिला २००५ चा, हॅनन, लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांचा. ४० थेरपिस्ट, त्यातले निम्मे शिकाऊ आणि निम्मे परवानाधारक. त्यांना ५५० क्लायंटबद्दल अंदाज करायला सांगितला, की उपचार संपेपर्यंत कुणाची स्थिती सुरुवातीपेक्षा वाईट होईल? साधारण ८ टक्के क्लायंटचं असं होतं, हेही त्यांना आधी सांगितलं होतं. त्यांनी ३ जणांची नावं दिली. प्रत्यक्षात ४० जणांची स्थिती बिघडली. तिघांपैकी एकाच क्लायंटबाबतचा अंदाज बरोबर आला, आणि तो एका शिकाऊ थेरपिस्टचा होता. अनुभवी मंडळींना एकही क्लायंट ओळखता आला नाही.

या आकड्यावर जरा थांबा. ४० विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे त्या खुर्चीत येऊन बसत होते, आतून खचत होते, आणि समोरच्या भल्या, शिकलेल्या माणसाला ते दिसत नव्हतं. मग अशा सेशनचं वर्णन सुपरव्हिजनमध्ये कसं झालं असतं? 'प्रगती ठीक आहे' असंच ना?

दुसरा अभ्यास सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांचा, २०१६ चा. एकाच केंद्रातले १७० थेरपिस्ट, साडेसहा हजारांहून जास्त क्लायंट, प्रत्येक थेरपिस्टचा सरासरी पावणेपाच वर्षांचा डेटा. अनुभव वाढत गेला तसे परिणाम सुधारले का? सरासरीने नाही, उलट किंचित घसरले. घसरण अगदी छोटी होती, आणि काही थेरपिस्ट खरोखर सुधारलेही. शिवाय अनुभवाबरोबर क्लायंट मध्येच सोडून जाण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणून 'अनुभव निरुपयोगी' असा मथळा कुणी दिला तर तो तुम्ही मान्य करू नका. पण नुसते तास भरले की हात बसतो, हे गृहीतक मात्र या डेटात टिकत नाही.

दोन्ही अभ्यासांत मोजमापाचं साधन एकच होतं, लॅम्बर्ट यांची ओक्यू-४५ ही प्रश्नावली. ४५ प्रश्न, गुण ० ते १८०, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. क्लायंट सेशनच्या आधी ती भरतो. गुणांत १४ किंवा त्याहून जास्त फरक पडला तरच तो खरा बदल धरतात, त्याखालचा चढउतार मोजमापातला गोंधळ असू शकतो. कुणाचा आलेख अपेक्षेपेक्षा वाईट जायला लागला, की केंद्राची प्रणाली थेरपिस्टला इशारा देते. असा इशारा मिळाल्यावर धोक्यातल्या क्लायंटची स्थिती बिघडण्याचं प्रमाण कमी होतं, असं त्यांच्या नंतरच्या प्रयोगांमध्ये दिसलं. सुपरव्हिजनच्या टेबलावर रेकॉर्डिंगसोबत हा आलेखही असावा असं मला वाटतं. एक काय घडलं ते दाखवतं, दुसरं त्याचं क्लायंटला काय झालं ते.

आता खरा अवघड प्रश्न. सुपरव्हिजनमुळे क्लायंट बरा होतो का? इंटर्नला बरं वाटतं, तिचा आत्मविश्वास वाढतो, यावर भरपूर अभ्यास आहेत. क्लायंटवर थेट परिणाम मोजणारे मात्र फारच थोडे. २००६ मध्ये बॅम्बलिंग आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या १२७ क्लायंटवर यादृच्छिक प्रयोग केला. सुपरव्हिजन मिळणाऱ्या थेरपिस्टांचे क्लायंट जास्त सुधारले आणि कमी गळाले. पण त्या थेरपिस्टांना उपचार सुरू होण्याआधीच सुपरव्हिजनचं एक सत्र मिळालं होतं, तेव्हा परिणाम त्या तयारीचा की नंतरच्या देखरेखीचा, हे वेगळं काढता येत नाही.

दुसरीकडे २०१६ मध्ये रुसमॅनिएर आणि सहकाऱ्यांनी २३ सुपरव्हायझर, १७५ प्रशिक्षणार्थी आणि ६,५२१ क्लायंट यांचा डेटा तपासला. क्लायंटच्या परिणामांमधल्या फरकाचा १ टक्क्याहूनही कमी भाग सुपरव्हायझर कोण होता यावरून स्पष्ट झाला. घाईने वाचलं तर वाटेल, सुपरव्हिजनचा काही उपयोगच नाही. तसं नाही. इथे सगळ्याच प्रशिक्षणार्थींना सुपरव्हिजन मिळत होतं. सगळ्या शेतांना पाणी मिळतंय, फक्त पाटकरी वेगवेगळे आहेत. पाटकऱ्यांमुळे पिकात फरक पडला नाही, यावरून पाण्याची गरज नाही असं सिद्ध होत नाही. शिवाय ६,५२१ हा आकडा इथे फसवा आहे. क्लायंट इंटर्नखाली, इंटर्न सुपरव्हायझरखाली, अशी ही उतरंड आहे. सुपरव्हायझरच्या पातळीवर तुमचा नमुना २३ चाच. त्यात इंटर्नचा सुपरव्हायझर सत्रागणिक बदलला तर उतरंडही सरळ राहत नाही. असा डेटा साध्या रिग्रेशनमध्ये घातलात तर स्टँडर्ड एरर खोटे लहान येतील आणि नसलेला परिणाम 'सिग्निफिकंट' दिसेल. मल्टिलेव्हल मॉडेल शिकून घ्या, दुसरा मार्ग नाही. आणि 'सुपरव्हिजनच नाही' असा तुलनागट इंटर्नमध्ये करता येत नाही, कारण शिकाऊ माणसाला खऱ्या विद्यार्थ्यांसोबत एकटं सोडणं हेच अनैतिक आहे. पुरावा तोकडा राहण्याचं हेही एक मोठं कारण आहे.

आपल्याकडे हे सगळं का वाचायचं? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. उद्या तालुक्याच्या कॉलेजात एक पद भरलं जाईल. त्या एकट्या व्यक्तीवर देखरेख कोण करणार? प्राचार्य करू शकत नाहीत, ते वरिष्ठ आहेत, सुपरव्हायझर नव्हेत. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.मध्ये देखरेखीखालचं दोन वर्षांचं काम असतं, पण कॉलेजातला समुपदेशक बहुधा त्या वाटेने आलेला नसतो.

आणि इथेच मराठीतून करण्यासारखा एक प्रश्न आहे. सेशन मराठीत होतं, सुपरव्हिजनची टिपणं बऱ्याचदा इंग्रजीत. विद्यार्थी म्हणतो, "कशातच जीव लागत नाही", "छातीत धडधडतं आणि कसंतरीच होतं", "घरच्यांना तोंड कसं दाखवू?" टिपणात तिन्हींचं होतं 'लो मूड, अँग्झायटी'. तिसऱ्या वाक्यातली लाज कुठे गेली? ती गळाली की सुपरव्हायझरला धोका दिसायचं एक दारही बंद झालं. सेशनच्या उताऱ्यातले शब्द आणि त्याच सेशनच्या टिपणातले शब्द शेजारी ठेवून काय गळतं हे मोजणं, एवढ्यावर एक चांगला छोटा अभ्यास उभा राहतो.

करायचा असेल तर रेकॉर्डिंग स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नका, ते नकळत क्लाउडवर चढतं. केंद्राचा इंटरनेट नसलेला रेकॉर्डर वापरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा हक्क दिलेला आहे, तेव्हा संमतिपत्र मराठीत आणि समजेल असं हवं, आणि 'नाही' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यालाही तीच सेवा मिळेल हे त्यात स्पष्ट लिहा. नैतिकता समितीच्या मंजुरीत एखादं सत्र जाईल असं धरूनच वेळापत्रक आखा. उतारे लिहून काढायला एका तासाच्या सेशनमागे पाच-सहा तास सहज लागतात, म्हणून पहिल्यांदा दहाच सेशन्स घ्या.