मलकवालचे एकोणीस जण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. लस आली होती मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस घेतलेले एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. जंतू मुंबईतच बाटलीत शिरले की गावात बूच काढताना, यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. लस शोधणाऱ्या वॉल्डेमार हाफकिन यांना पद गमवावे लागले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली, १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले, आणि १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. हाफकिन यांच्यावर अन्याय झाला होता, हे निर्विवाद. पण त्या सगळ्या वादाचा रोख एकाच प्रश्नावर होता: दोष कोणाचा? दगावलेल्यांच्या मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न त्या इतिहासात कडेलाच राहिला.

तो आजही कडेलाच आहे. कोविडच्या साथीत देशात २२० कोटींहून अधिक डोस दिले गेले. त्यांनी लाखो जीव वाचवले, आणि लसीकरणाइतका मोठा सार्वजनिक उपकार दुसरा क्वचितच असेल, असे मी मानतो. म्हणूनच पुढचे लिहिणे भाग आहे. जून २०२१ मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ समितीच्या अहवालात, लशीनंतरच्या तीव्र अ‍ॅलर्जीने म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसने एक मृत्यू झाल्याची नोंद झाली. कार्यकारणभाव सरकारी कागदावर आला. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात भूमिका मांडली की लस घेणे ऐच्छिक होते, आणि ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे.

दिवाणी न्यायालय निष्काळजीपणाचा पुरावा मागणार. इथेच सगळे अडते. लस निर्दोष, शीतसाखळी अखंड, टोचणारी परिचारिका कुशल, आणि तरीही लाखांत एखाद्या शरीराची प्रतिक्रिया घातक होते. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीमुळेही, अगदी क्वचित, एखाद्या बाळाला लकवा येतो. वैद्यकशास्त्राला हे केव्हापासून ठाऊक आहे. चूक कोणाचीच नसताना आईबापांनी ती सिद्ध कशी करायची?

दोष न शोधता मदत देण्याचे तत्त्व आपल्याला परके नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९९१ मध्ये घातक रसायनांच्या अपघातांसाठी तसाच कायदा झाला. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत जीव गेला तर सरकार भरपाई देते. औषधचाचणीत इजा झालेल्यालाही २०१९ च्या नियमांनी भरपाईचा हक्क दिला आहे. म्हणजे लस चाचणीत असेपर्यंत जे संरक्षण आहे, ते ती राष्ट्रीय कार्यक्रमात येताच संपते. ही विसंगती मला असह्य वाटते.

परदेशांतल्या योजनांकडे पाहताना त्यांच्या चुकाही पाहाव्यात. ब्रिटनमध्ये १९७९ पासून कायदा आहे, पण अपंगत्व ६० टक्के भरले नाही तर एक पौंडही मिळत नाही. १,२०,००० पौंडांची रक्कम २००७ मध्ये ठरली ती तशीच राहिली. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने आलेल्या योजनेसाठी प्रत्येक डोसवर, तो रोखतो त्या प्रत्येक आजारामागे ७५ सेंट कर घेऊन निधी उभा केला, ही उत्तम कल्पना. मात्र मृत्यूसाठीची अडीच लाख डॉलरची रक्कम महागाईशी जोडायचे राहून गेले. कोविडच्या लशी तर तिथे वेगळ्याच, कंजूष योजनेत टाकल्या: अर्जाला लस घेतल्यापासून जेमतेम एक वर्ष, आणि निर्णयाविरुद्ध न्यायालयाची दारे बंद.

आपल्याकडे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर लशीनंतरच्या गंभीर घटना तपासणाऱ्या समित्या आहेतच. पण त्यांचे काम लशीची सुरक्षितता जोखण्याचे. कुटुंबाला हक्क देण्याचे नाही. भरपाईचा निवाडा लसीकरण चालवणाऱ्या खात्याबाहेरच्या मंडळाने करावा, कारण लेखी द्यावे, त्यावर अपील असावे. शंका उरली तर कौल कुटुंबाच्या बाजूने जावा. उपचारांचा खर्च निकालाची वाट न पाहता सुरू व्हावा. अर्जाची मुदत निदानापासून मोजावी, कारण तालुक्याच्या गावी मज्जासंस्थेच्या आजाराचे निदान व्हायलाच कित्येक महिने जातात. पैशाचे म्हणाल, तर कोविडच्या प्रत्येक डोसमागे एक रुपया बाजूला काढला असता, तरी २२० कोटींचा निधी जमला असता.